धुराडं पेटलं, पंचाईत झाली

ढोकीत जाहीरनामा लिहायला पूर्वी फारसं डोकं लागत नसे. तेरणा साखर कारखाना बंद, म्हणजे पहिलं कलम तयारच: ‘तेरणाचं धुराडं पेटवू.’ पुढे कारखाना भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला आणि सगळ्याच पक्षांचं हक्काचं आश्वासन गेलं. आता नवं काय शोधायचं?

एका पक्षाच्या जाहीरनाम्याच्या बैठकीत एकानं उसाच्या भावाचा विषय काढला. दुसऱ्यानं विचारलं, सोयाबीनचं काय? तिसरा जुन्या कामगारांच्या देण्यांवर आला, तेवढ्यात अध्यक्षांना महत्त्वाचा फोन आला. मग गाडी लाडक्या बहिणींवर घसरली. २०२४ च्या विधानसभेला महायुतीनं त्यांना महिन्याला २१०० रुपये म्हटलं होतं, महाविकास आघाडीनं ३०००. आपण किती म्हणायचं, यावर दोन तास खल झाला. देणार कुठून, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. सभ्य माणसं होती.

खल पूर्वीही व्हायचा, पण विचारांवर. १९५० साली शेतकरी कामगार पक्षानं दाभाडीत मार्क्सवाद कुटून अख्खा प्रबंध मंजूर केला होता. तेव्हाच्या कार्यकर्त्याला पक्ष कळायला प्रबंध वाचावा लागे. आताच्याला वरून आलेला मेसेज पुढे ढकलता आला तरी पुरतं. आणि खरं सांगायचं तर धोरण मुंबईहूनच छापून येतं. गावानं फक्त रिकाम्या जागा भरायच्या.

तरी बैठक वाया गेली नाही. भजी संपता संपता एक दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली: मागच्या मसुद्यातलं जिल्ह्याचं जुनं नाव ‘उस्मानाबाद’ खोडून ‘धाराशिव’ करावं, बाकी मजकूर जसाच्या तसा ठेवावा.