मेघाला पिन कुठली?

कालिदासाच्या यक्षाचं बरं होतं. रामगिरीवर, म्हणजे आपल्या रामटेकला बसून त्यानं ढगाला निरोप सांगितला आणि ढग अलकानगरीच्या वाटेला लागला. वायर लागली नाही. मी राहतो बडोद्याच्या अलकापुरीत. निरोप इथून बाहेर पाठवायचाय, ढगही तयार आहे. अडलंय ते साडेतीन मिलिमीटरच्या एका भोकापाशी.

न्यू जर्सीतल्या भाचीला तिच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या आवाजातली मंगळागौरीची गाणी हवी झाली. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी टेपवर घेतलेली, नव्वदची कॅसेट, वर आईच्याच अक्षरात ‘पुसू नये’. भाचीचा फोन आला, “मामा, क्लाउडवर टाक ना, दोन मिनिटांचं तर काम.” नव्वदची कॅसेट नव्वद मिनिटंच वाजते, हे या पोरांना कोणी सांगावं? टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. तुमची फ्लाइट असली तरी तेवढीच.

माळ्यावरून वॉकमन काढला. आतल्या रबरी पट्ट्याचा काकवीसारखा चिकट लगदा झाला होता, तो बदलून घेतला. मग अलकापुरीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका काचबंद दुकानात जाऊन वायर मागितली. काउंटरवरच्या पोरानं वॉकमन उलटसुलट करून पाहिला. “अंकल, आमां ब्लूटूथ नथी?” नाही म्हटल्यावर, बिल्डर जुन्या वाड्याकडे बघतो तसा माझ्याकडे बघत राहिला आणि पंधरा हजारांचा हेडफोन पुढे केला. वायरवाला आहे का? वायर आता कोण ठेवतं!

खरंय. २०१६ साली ॲपलनं आयफोन ७ मधलं हेडफोनचं हे भोक बुजवलं, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी कारण एका शब्दात सांगितलं होतं : धैर्य. भोक बुजवायला धैर्य लागतं हे आमच्या गल्लीतल्या प्लंबरला कळलं तर तो दर वाढवेल. सोनीनं १९७९ मध्ये पहिला वॉकमन काढला, त्याला दोन भोकं होती, दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून. त्यांनी भोक वाढवलं आणि धैर्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

वायर शेवटी ऑनलाइन मागवली. एक टोक वॉकमनमध्ये, दुसरं लॅपटॉपच्या एकुलत्या एका भोकात. प्ले दाबलं. टेप फिरतेय, स्क्रीनवरची रेघ सपाट. वायर काढून घातली, फुंकर मारली, लॅपटॉप बंद करून चालू केला. रेघ हलेना.

मग रेल्वेखालच्या गरनाळ्यातून (कोरडा होता, हे नशीब, पावसाळ्यात तिथं होडी बरी) जुन्या शहरात, मरीमाताच्या खांच्यात गेलो. मोबाइलच्या दुकानांनी गच्च भरलेली ती गल्ली. एका टपरीवजा दुकानात मोबाइल उघडून बसलेल्या मिस्त्रीनं मान वर न करता सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल दिला : “बेउ बाजु मोढां छे, कान क्यां?”

दोन्हीकडे तोंडंच. वॉकमनचं भोक आवाज बाहेर टाकणारं, आणि लॅपटॉपचंही मुख्यतः तेच. त्याच भोकात माइकसाठी चौथा कप्पा असतो, पण माझ्या पिनेला पट्टेच तीन. लॅपटॉपला वाटलं हेडफोन लागला, म्हणून तोही बोलायला बसला. आमच्या सोसायटीची मीटिंग अशीच चालते, फक्त तिथं रेघ सपाट नसते.

आणि माइकच्या भोकात वॉकमन घातला असता तरी पंचाईतच. माइककडून येतात काही मिलिव्होल्ट. हेडफोनचा आवाज त्याच्या कितीतरी पट. त्या भोकाला सवय चमच्यानं पिण्याची, आणि आपण तोंडात नळ सोडायचा. आवाज फाटतो तो असा. वॉकमनच्या आवाजाला हवं असतं तो पेलणारं ‘लाइन इन’ भोक, ते आताच्या बहुतेक लॅपटॉपना नसतंच. मिस्त्रीनं त्यासाठी यूएसबीत खोचायची एक डबी दिली. चारशे रुपये. “वोल्युम अडधो राखजो.”

घरी येऊन डबी लावली, आवाज अर्ध्यावर ठेवला. रेघ हलली. आई गाऊ लागली. मागे फुगडीचा दणदणाट, मध्येच कुणाला तरी ती “अगं, गॅस बंद कर” म्हणाली. गाणं न थांबवता. सव्वीस मिनिटं झाली आणि खट्ट आवाज होऊन थेट गरबा सुरू झाला. नवरात्राचा, मैदानावरचा, पुढची एकोणीस मिनिटं.

याच गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांकडून गायनशाळा सुरू करवली. मौलाबक्षांनी गाणं कागदावर उतरवायची लिपी बसवली होती. कागदाला पिन लागत नव्हती आणि त्याच्यावर गरबाही भरता येत नव्हता.

कॅसेट काढून पाहिली. वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या वडिलांनी मोडल्या होत्या, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये. पैकी एका खळगीवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. कॉलेजात असताना ती कोणी लावली, हे भाचीला मी कळवलेलं नाही.

तुमच्या घरातली कॅसेट यंत्रात घालण्याआधी वरची कड बघा. टिकल्या शाबूत असतील तर मोडा, चिकटपट्टी असेल तर काढा.