बारा वाजून दहा मिनिटांचा शुक्रवार

रात्रीचं जेवण उरकल्यावर, भुकेशी काडीचाही संबंध न ठेवता, अकरा-बाराला पुन्हा खायला बाहेर पडायचं, याला सिंगापुरात सपर म्हणतात. सांगलीहून आलेल्या आमच्या काकांना ही चाल पहिल्याच रात्री पटली. संग्रहालयं अजून पटायची आहेत.

आमचा अड्डा घराजवळचं हॉकर सेंटर. एकेकाळी इथले सगळे खाद्यविक्रेते रस्त्यावर असत. सरकारने त्यांना नळ, मोऱ्या आणि छप्पर देऊन एकत्र बसवलं. 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाचा मान दिला. इथे टेबल अडवायला त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवतात. एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकतो, तसंच. पण त्यावरून कोणी भांडत नाही, म्हणून काकांना त्यात राम वाटला नाही.

राम होता प्रात्यात, म्हणजे इथल्या पराठ्यात. तमिळ मुसलमान कारागीर मैद्याचा तेलकट गोळा ओट्यावर आपटत, हवेत फिरवत पार पारदर्शक करतो, घडी घालून तव्यावर टाकतो. काका त्याच्या मनगटाकडे बघत राहिले. तेवढ्यात प्रात्यासोबत वाटी आली. माशाच्या कालवणाची.

"आज वार कोणता?"

गुरुवार! गुरुवारी काका मासळीकडे बघतही नाहीत. आज बघत होते. मग घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं.

"शुक्रवार लागला," काका म्हणाले आणि तुकडा बुडवला.

दुर्दैवाने तेव्हाच काकूंचा व्हिडिओ कॉल आला. सांगलीत पावणेदहा वाजायचे होते.

"अहो, इथे अजून गुरुवारच आहे!"

"मी इथे आहे का तिथे?"

"वार सूर्योदयाला बदलतो. पंचांग बघा."

काकांनी पंचांगाऐवजी नेटवर्कला दोष देऊन फोन ठेवला. नंतर मधुमेहाचा मान राखून 'तेह सिऊ दाय', म्हणजे कमी साखरेचा चहा, मागवला आणि दुसऱ्या प्रात्यावर चमचाभर साखर पेरली. यात त्यांचा दोष नाही, इथले लोकही प्राता साखरेशी खातात. मधुमेह मात्र त्यांचा स्वतःचा.

तुम्ही आलात तर प्राता साधाच मागवा. चीज-चॉकलेटचे अवतार कारागिराच्या मनगटाचा अपमान आहेत. आणि उठताना ताट रॅकवर नेऊन ठेवा. 2021 पासून ते टेबलावर सोडणाऱ्याला दंड होऊ शकतो.