तिसऱ्या मजल्यावरची गोदी

लाकडी जहाजाचं किट विकत घेणारी माणसं दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारची माणसं खोक्यात जे आलंय ते पुस्तिकेबरहुकूम चिकटवतात, वरून व्हार्निश मारतात आणि जहाज टीव्हीशेजारी ठेवून मोकळी होतात. ही माणसं सुखी असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं फार काही नसतं. दुसरा प्रकार सुधारकांचा. आमच्या सोसायटीतले ॲडमिरल या दुसऱ्या प्रकारातले.

ॲडमिरल ही पदवी सोसायटीनं बहाल केलेली. मूळचे ते सहकारी बँकेच्या हिशेबतपासणी खात्यातले. समुद्राशी त्यांचा संबंध एवढाच, की गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये त्यांना मळमळतं. म्हणून अलिबागला जायचं झालं तर ते पेणवरून गाडीनं जातात. निवृत्त झाल्यावर परदेशातल्या मुलीनं ‘बाबा, तुमचा वेळ जाईल’ म्हणून इटलीत तयार झालेला एक खोका पाठवून दिला. आत इंग्रज आरमारातल्या नेल्सनचं जहाज व्हिक्टरी, प्रमाण 1:98, म्हणजे बांधून झाल्यावर शिडाच्या दांड्यांसकट जवळजवळ मीटरभर लांब. वेळ गेला. अजून जातोय.

खोका उघडल्यावर कोणीही आधी झाकणावरचं चित्र बघेल. यांनी आधी यादी काढली आणि एकेक तुकडा मोजून पुढे बरोबरची खूण केली. दोर ओवायच्या लाकडी कप्प्यांपैकी दोन कमी भरल्या. कंपनीला पत्र गेलं. त्या दोन कप्प्या येईपर्यंत हाताला दुसरं काम नव्हतं, म्हणून त्यांनी आलेल्या कप्प्या भिंगाखाली धरल्या, आणि तिथेच घात झाला.

“या कप्प्या चुकीच्या आहेत,” ते मला जिन्यात म्हणाले. “भोकं मधोमध पाडलीयत. मधोमध नसतात.”

“मग कुठे असतात?”

त्यानंतर मला घरी जायला बराच उशीर झाला.

कप्प्यांनंतर दोऱ्याची पाळी आली. किटमधला दोरा शिवणाचा, वरून चकचकीत, आणि त्याचा पीळ उलटा. जहाजाच्या साध्या दोराला पीळ एका बाजूचा. तसे तीन दोर एकत्र वळून नांगराचा जाड दोर केला की त्याचा पीळ दुसऱ्या बाजूचा. वाणसामानाच्या पुड्या बांधायला सुतळी वापरणाऱ्या तुम्हा-आम्हाला यात काही वाटत नाही, पण ॲडमिरलांची झोप उडाली. इंग्लंडात चॅटमच्या गोदीत दोर वळायची इमारत 346 मीटर लांब आहे आणि तिथे आजही दोर वळले जातात. ॲडमिरलांकडे स्वयंपाकघर ते बेडरूम एवढाच पॅसेज. त्याच्या एका टोकाला त्यांनी ड्रिल मशीन बसवलं, दुसऱ्या टोकाला दाराची कडी, आणि मध्ये मेण चोळलेले धागे ताणले. दोर वळायला घेतला की तासभर घरात कोणी इकडून तिकडे जायचं नाही. वहिनींना फोन आला तर तो खिडकीतून आमच्याकडे वळवला जाई.

“अहो, निदान कुकर तरी बंद करू द्या,” असा आवाज आम्ही बऱ्याचदा ऐकलाय.

कुकरचीही वेगळी कथा आहे. जहाजाच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या बसवायच्या म्हणजे नाळेपाशी त्या वाकवाव्या लागतात, आणि वाकवायच्या तर आधी गरम पाण्यात किंवा वाफेवर मऊ करायच्या. पट्ट्यांचे थर दोन. आतला थर साध्या लाकडाचा, वरचा अक्रोडाचा. वरचा बसला की आतला जन्मात कोणाला दिसत नाही. आतल्या थरात एके ठिकाणी कागद जाईल एवढी फट राहिली होती. ॲडमिरलांनी तो अख्खा थर उतरवला. पट्ट्या पुन्हा वाफवल्या, पुन्हा वाकवल्या आणि सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवल्या. त्या आठवड्यात वहिनींचं धुणं वाऱ्यानं दोनदा खालच्या मजल्यावर पोचवलं.

पण खरा सुधारक पाहायचा असेल तर तळमजला पाहा. जहाजाचा म्हणतोय मी. व्हिक्टरीवर तोफा 104. किट करणारे हुशार असतात. खालच्या मजल्यांवरच्या तोफांची नुसती तोंडं देतात, ती भोकांत खुपसायची, आत पोकळी. ॲडमिरल म्हणाले, ही अफरातफर आहे. सर्वांत खालच्या मजल्यावर बत्तीस पौंडी गोळ्यांच्या तीस तोफा होत्या. त्या तिसांना त्यांनी गाडे केले, गाड्यांना चाकं केली. त्याच्याही खाली, पाण्याच्या पातळीखालच्या ऑरलॉप मजल्यावर, 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत गोळी लागलेल्या नेल्सनला आणून ठेवलं आणि तिथेच तो गेला. तो कोपराही त्यांनी बांधला. कंदील टांगला. मग वर मजला चढवला, त्याच्यावर आणखी एक, आणि सगळं कायमचं बंद झालं.

मी विचारलं, “हे कोणाला दिसणार?”

“तपासणी कधीही येऊ शकते,” ॲडमिरल म्हणाले. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

1780 साली व्हिक्टरीच्या पाण्याखालच्या भागाला तांब्याचे 3,923 पत्रे ठोकले. समुद्रातले किडे लाकूड पोखरतात आणि शेवाळ्यानं जहाजाचा वेग मंदावतो, म्हणून. हा आकडा ज्या दिवशी वाचनात आला त्या दिवशी ॲडमिरल सकाळीच तपकीर गल्लीत जाऊन तांब्याच्या चिकटपट्टीची रिळं घेऊन आले. खरा पत्रा साधारण चार फूट लांब. 1:98 मध्ये तो सव्वा सेंटिमीटरच्या आसपास येतो. वहिनींच्या शिवणाच्या डब्यातलं ट्रेसिंग व्हील फिरवून प्रत्येक पत्र्यावर खिळ्यांच्या खुणा उमटवल्या. निम्म्याहून अधिक पत्रे लागल्यावर त्यांनी एक खूण मोजली: अर्धा मिलिमीटर. गुणिले अठ्ठ्याण्णव. म्हणजे खऱ्या जहाजावर प्रत्येक खिळ्याचं डोकं पाच सेंटिमीटरचं झालं असतं. सगळे पत्रे निघाले. मला विचाराल तर त्या खुणा छान दिसत होत्या, पण मला कोण विचारतो?

रंगाच्या बाबतीत मात्र दोष त्यांचा नव्हता. व्हिक्टरीचे तोफांचे पट्टे पिवळे, हे शंभर पुस्तकांत छापलेलं. ॲडमिरलांनी ते पिवळे रंगवले, घासले, पुन्हा रंगवले. आणि मग त्यांना कळलं की इंग्लंडात जाणकारांनी खऱ्या जहाजावरचे रंगाचे थर तपासले, ट्रफाल्गरच्या वेळचा रंग बराच फिका, किंचित गुलाबीकडे झुकणारा होता असं ठरवलं, आणि 2015 मध्ये अख्खं जहाज तसं रंगवूनही टाकलं. ॲडमिरल दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नव्या रंगाच्या आठ छटा कागदावर फासून त्यांनी घरच्या समितीपुढे ठेवल्या. वहिनी चष्मा लावून म्हणाल्या, “आमरसात दूध जास्त झालंय.” ॲडमिरलांनी तीच छटा निवडली. वहिनींच्या मताला त्या गोदीत मान मिळाल्याची ही एकमेव नोंद.

पहिल्या मजल्यावर एक इतिहासप्रेमी राहतात. त्यांचा आक्षेप मूलभूत होता. इंग्रजांचं जहाज कशाला? कान्होजी आंग्र्यांची गुराब का नाही? ॲडमिरल शांतपणे म्हणाले, “मोजमापांसकट आराखडा आणा. आज कणा घालतो.” इतिहासप्रेमी गेले ते आलेच नाहीत. मग त्यांच्या वतीनं ॲडमिरल स्वतःच मला सांगायला लागले, की इंग्रजांचीही कितीतरी जहाजं आपल्या मुंबईत झालीयत. त्रिंकोमाली ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधली, सागवानात. 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरली, ती आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतेय. आणि ओकची व्हिक्टरी 1922 पासून कोरड्या गोदीत टेकून बसलीय. हे सांगताना त्यांच्या आवाजाला चढलेली धार ऐकून मला वाटलं, हे आता जहाज बदलतात की काय. पण त्यांना त्यातली दुसरीच गोष्ट आवडली होती. त्रिंकोमालीचे आराखडे जावा नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांनी ते जहाज नष्ट केलं आणि लंडनहून आराखडे पुन्हा पाठवावे लागले. “बघा,” ते म्हणाले, “किट अर्धवट पोचण्याची परंपरा किती जुनी आहे.”

कधी संपणार, हा प्रश्न वहिनी दर दिवाळीला, फराळाचं आमंत्रण द्यायला आलेल्या माणसांसमोर विचारतात, म्हणजे टाळता येत नाही. ॲडमिरलांचं उत्तर पाठ आहे. व्हिक्टरीचा कणा 1759 मध्ये घातला, पाण्यात उतरली 1765 मध्ये, आणि प्रत्यक्ष सेवेत यायला 1778 उजाडलं. एवढी एकोणीस वर्षं सरकारनं थांबायचं आणि घरच्यांनी थांबायचं नाही? “सरकारकडे वेगळा डायनिंग टेबल असेल,” वहिनी म्हणतात.

यंदा त्या उत्तराला पुरवणी जोडली गेली. पोर्ट्समथला खऱ्या व्हिक्टरीची मोठी दुरुस्ती 2022 पासून सुरू आहे, ती दहाएक वर्षं चालायची. कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवताहेत. मधली मुख्य डोलकाठी तर त्याआधीच, 2021 मध्ये, उतरवलीय. ही बातमी ॲडमिरलांनी आनंदानं वाचायला घेतली, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला. ती डोलकाठी लोखंडी आहे. 1890 च्या दशकात लाकडी डोलकाठ्या काढून लोखंडी बसवल्या होत्या.

“म्हणजे,” ते हळूच म्हणाले, “माझं जहाज त्यांच्यापेक्षा खरं आहे.”

हे वाक्य तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण माणूस हिशेबतपासणीतला. परवा त्यांनी मला एका पत्राचा मसुदा दाखवायला आणला, इंग्रजी तपासून द्या म्हणून. पत्र पोर्ट्समथच्या गोदीला आहे. वर विषय, खाली संदर्भ. मग क्रमांक घालून मुद्दे: डोलकाठ्यांचं साहित्य मूळ नोंदींशी जुळत नाही, दोरांचे पीळ प्रत्यक्ष तपासून घ्यावेत, तांब्याच्या पत्र्यांची संख्या कळवावी. आणि शेवटी, सहीच्या वर: सदर त्रुटींची पूर्तता करून अनुपालन अहवाल तीस दिवसांच्या आत सादर करावा.