बाटली पुरावी कुठं?

कीटकनाशक नियम १९७१चे. त्यातला चव्वेचाळिसावा नियम सांगतो की औषधाचे रिकामे डबे उघड्यावर टाकू नका. फोडा आणि वस्तीपासून लांब पुरा. नियम लिहिणाऱ्या साहेबांनी खरिपातला भंडारा जिल्हा पाहिलेला नसावा. रोवणी झाली की इथं बांधीत पाणी, धुऱ्याला पाणी, आणि वीतभर खणलं की खड्ड्यातही पाणी. बाटली पुरायची म्हणजे तिला जलसमाधीच द्यायची. बरं, वस्तीपासून लांब जावं तर दुसऱ्याची बांधी लागते. त्याच्याही पुढं गेलं की वनखात्याची हद्द. तिथं कुदळ खांद्यावर टाकून आलेल्या माणसाला वनरक्षक आधी नाव विचारतो, मग गाव, मग इरादा.

म्हणून शेतकरी बाटली धुऱ्यावर ठेवतो. पुढचं पाऊस पाहून घेतो. धुऱ्यावरून नाल्यात, नाल्यातून बोडीत, नाहीतर सूर नदीतून वैनगंगेत आणि थेट गोसीखुर्दपर्यंत. बिनतिकिटाचा प्रवास! मालगुजारांनी गावोगावी तलाव बांधले तेव्हा त्यांना ही सोय सुचलीही नसेल.

माहितीपत्रक वाचलं नाही, असा ठपका शेतकऱ्यावर नेहमी ठेवला जातो. ते पत्रक एकदा उलगडून पाहाच. बाटलीला रबरानं घट्ट बांधलेली घडी, मुंगीएवढी अक्षरं, आणि आपली मराठी नेमकी घडीवर पडलेली. पाठीवर पंप, हात ओले, पाय चिखलात, समोर तुडतुड्यांनी जाळलेलं धान. अशा वेळी माणूस वाचन संस्कृती जोपासत नाही. झाकण भरून माप घेतो आणि फवारत सुटतो.

पुनर्वापराबाबत मात्र आम्ही जगाला शिकवू. लाल त्रिकोण आणि कवटीचं चित्र छापलेली बाटली घासूनपुसून डिझेलला, तेलाला, रात्री शेतावर जायचं तर पाण्यालासुद्धा चालते. बूच इतकं पक्कं असतं की फेकवत नाही. उरलेल्या बाटल्या कबाडीवाला किलोवर नेतो. आत थेंब किती राहिले, ते त्याच्या काट्याला कळत नाही. त्या प्लास्टिकची उद्या बादली होईल की खेळणं, हे त्यालाही माहीत नसतं.

सगळ्यात गंमत पुढंच आहे. त्याच नियमात विल्हेवाटीची जबाबदारी सांगताना पहिलं नाव उत्पादक कंपनीचं आहे, फवारणारा नंतर येतो. पण कंपनीची गाडी भरलेल्या बाटल्या घेऊन साकोली, पवनी, लाखांदूरपर्यंत बिनचूक येते आणि परत जाताना तिला रस्ता सापडत नाही. ब्राझीलनं २००० साली कायदा करून शेतकरी, दुकानदार आणि कंपनी तिघांनाही जुंपलं. तिथं प्लास्टिकचे नव्वद टक्क्यांहून जास्त रिकामे डबे परत येतात. त्यांचे पाइप होतात, पुन्हा औषधाचेच कॅन होतात. तिथला शेतकरी काही संत नाही. डबा कुठं न्यायचा, हे त्याला दुकानदार सांगतो, एवढंच.

आणि उरलेलं औषध? फोरेटवर, म्हणजे गावच्या भाषेत थायमेटवर, २०२० संपताना पूर्ण बंदी आली. ज्याच्या कोठ्यात अर्धी पिशवी पडून होती, त्यानं ती कुठं न्यायची? धोकादायक कचऱ्याचं केंद्र बुटीबोरीला आहे. थायमेटची पिशवी मांडीवर घेऊन एसटीनं जावं म्हणता? कंडक्टरनं लगेजचं तिकीट कोणत्या दरानं फाडावं?

शेतकऱ्याच्या हातात आहे ते फुकट आहे, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. बाटली रिकामी झाली की पाणी घालून बूच लावा, खळखळून हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा. बोडीत धुवाल, तर विकत घेतलेलं औषध मासोळ्यांना फुकट पाजाल. मग बाटलीला खिळ्यानं भोक पाडा, म्हणजे तिच्यात कुणी तेल भरणार नाही.

बाकीचं काम दुकानदाराचं आणि कंपनीचं. कृषी सेवा केंद्राच्या दारात धुतलेल्या बाटल्यांसाठी एक पोतं टांगा, आणि माल उतरवायला आलेल्या गाडीत ते चढवा. गाडी तशीही रिकामीच परत जाते.