आईकडून आलेली साखर

आरे कॉलनीत सकाळी फिरायला येणाऱ्यांत निम्मे हवा खायला येतात आणि निम्मे शुगर उतरवायला. पिकनिक पॉइंटच्या रस्त्यावर 'किती आली?' असं कुणी विचारलं, तर ते फास्टिंगबद्दल असतं, पगाराबद्दल नव्हे. आमच्या घोळक्यातले नाना काडीपैलवान. 'तुम्हाला कसली शुगर!' म्हटलं की मान ताठ करून सांगतात, 'आमच्यात आईकडून आलीय.' जणू कोकणातली कलमांची बागच आली!

नानांचं म्हणणं तसं खोटं नाही. आईवडिलांपैकी एकाला टाइप-२ मधुमेह असेल, तर मुलाला तो आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात. दोघांनाही असेल तर ७० च्या आसपास. यात एकच जनुक गुन्हेगार नाही, शेकडोंनी थोडाथोडा हात मारलेला असतो. त्यांतला ठळक टीसीएफ७एल२. त्याचा हा संबंध आइसलँडच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवला आणि पुढच्याच वर्षी तो पुणेकरांतही सिद्ध झाला. आइसलँड काय नि सदाशिव पेठ काय!

बारीक माणसांची गोष्ट मात्र खास आपली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिकांना बाळंही तशीच आढळली: वजनाला इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण चरबी राखून असलेली. त्यात जनुकांइतकाच पोटात असताना आईला काय खायला मिळालं याचाही वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे 'आईकडून आली' म्हणताना ती माउली अर्धपोटी राबली होती का, हेही विचारायला हवं. शिवाय तिच्याकडून साखरभाताचा हातही आलेला असतोच. त्याचा दोष जनुकांवर कशाला?

आमच्या आरेतल्या तबेल्यांत म्हैस घेताना तिच्या आईचं दूध किती, हे आधी विचारतात. लग्न ठरवताना आपण गोत्र, नाडी, मंगळ सगळं बघतो, शुगर तेवढी राहते. नाना ही चूक करणार नाहीत. रविवारी लेकीला बघायला मंडळी येताहेत. नानांनी घरात बजावून ठेवलंय, 'पत्रिका नंतर. आधी मुलाचे आईवडील चहा कसा मागतात, तेवढं बघ.'