अजून चालंल

भंडारदऱ्याला धरणाकडे जाताना शेंडीच्या अलीकडे पत्र्याची एक शेड लागते. आत आमच्या मिस्त्रींचा फर्निचरचा कारखाना आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. लिहिलं, तर राजूरचे, अकोल्याचे आणि संगमनेरचे मिस्त्री म्हणतील, आमचं का नाही लिहिलं? चपलेचा अंगठा तीनदा शिवलेला, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची, डोक्यावरच्या पंख्याला दोनच पाती. तिसऱ्याबद्दल विचारलं तर म्हणतात, "वारा लागतोय ना?"

कंजूष मात्र म्हणता येत नाही. गिऱ्हाइकाला चहा, पोऱ्याला दिवाळीला कपडे, वर्गणीला सढळ हात. फक्त एखादी वस्तू संपली, हे त्यांना मान्य होत नाही.

त्यांचा बँडसॉ बापाच्या वेळचा. वर एक चाक, खाली एक चाक आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पट्टा. पलंगाच्या डोक्याकडचं वळण कापावं ते यानंच. दोन्ही चाकांच्या धावेवर रबरी टायर असतो. त्यानं पट्ट्याला पकड मिळते आणि दाते लोखंडावर घासून बोथट होत नाहीत. शिवाय हे रबर मधोमध किंचित फुगीर असतं. सुट्टीतले मुंबईकर जसे कळसूबाईकडे, तसा फिरता पट्टा त्या उंचवट्याकडे चढतो आणि मध्यावर ठरतो. रबर झिजून सपाट झालं की पट्ट्याला कुठं जावं ते कळत नाही.

मिस्त्रींच्या वरच्या चाकाचं रबर सपाट होऊन, कडक होऊन, तडकून कितीतरी उन्हाळे झाले होते. तुकडा निघाला की तिथं सायकलच्या ट्यूबचं ठिगळ, सोल्युशन आणि वरून काळी टेप. मशीन चालू केलं की दर फेऱ्याला ठिगळ 'टप्' वाजायचं. सरळ रेघ मारून घातलेली फळी तिरकी बाहेर यायची. मिस्त्री तिच्याकडे बघून म्हणायचे, "लाकूड ओलं हाय."

एकदा मी म्हणालो, "मिस्त्री, टायर बदला की."

त्यांनी धरणाकडे बोट केलं. "1926 साली पुरं झालं हे इंग्रजांचं धरण. अजून पाणी धरतंय. अन् तुम्ही माझ्या रबराला नावं ठेवताय?"

मला वाटलं, सापडले! म्हटलं, "अहो, 1969 ला याच भिंतीला तडे गेले होते. मागून टेकू बांधून ती बळकट करावी लागली."

"टेकूच दिला ना?" मिस्त्री शांतपणे म्हणाले. "नवं धरण तर नाही बांधलं!"

यावर काय बोलणार? टेकूवाल्या भिंतीच्या पायथ्याशी बसून मीही चहा प्यायलो.

पण मे महिना आला. काजवे बघायला येणाऱ्यांसाठी तळ्याकाठच्या तंबूवाल्यांना पलंग हवे होते, तेही पावसाआधी. ऐन घाईत एका दुपारी ठिगळ उडालं, पट्टा चाकावरून उतरला आणि जॉइंटवर तुटून झाकणाच्या आत जो काही वाजला, त्यानं रस्त्यावरची म्हैससुद्धा उभी राहिली. झाकण होतं म्हणून निभावलं. पोऱ्या म्हणाला, "आता काय करायचं?" मिस्त्री बराच वेळ चाकाकडे बघत होते. ट्यूब शोधत असावेत.

शेवटी नाशिकहून टायर आले. मिस्त्रींनी चाक उतरवलं, जुनं रबर पटाशीनं खरवडलं, धाव थिनरनं पुसली. नव्या टायरचा घेर चाकापेक्षा मुद्दाम कमी असतो, म्हणजे तो ताणून घट्ट बसतो. त्यासाठी तो गरम पाण्यात मऊ करायचा. घरातून टोप आणला, तर मिस्त्रीणबाई मागोमाग आल्या. "हा माझा रश्श्याचा टोप हाय!" मिस्त्री म्हणाले, "मग तर चालंल."

टायर एका बाजूला शिकंज्यानं धरून, दोघांनी ओढून, बोटं भाजत चढवला. मग मिस्त्रींनी एक गुळगुळीत सळई रबराखाली घातली आणि चाकाभोवती सावकाश फिरवली, म्हणजे ताण सगळीकडं सारखा होतो. हे काम त्यांनी इतकं निगुतीनं केलं, की मला रागच आला. एवढं येतं, तर इतकी वर्षं ठिगळं का लावली?

नवा पट्टा चढवून आधी हातानं फिरवला. वरच्या चाकाचा कल जरा बदलला, पट्टा मध्यावर आला. मग बटण दाबलं. 'टप्' नाही. मिस्त्रींनी कान लावला, मशीन बंद केलं, पुन्हा लावलं. त्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटत होतं.

टायरची जोडी आली होती. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत तसाच होता. खालच्या चाकाच्या रबरालाही भेगा होत्या. पोऱ्यानं न सांगताच टोपातलं पाणी पुन्हा तापत ठेवलं. मिस्त्रींनी ते उतरवलं, पिशवी उचलली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

"खालचं अजून चालंल."

पोऱ्या म्हणाला, "मिस्त्री, नुसतं टांगून ठेवलं तरी रबर कडक होतं."

"म्हणून तर सावलीत टांगलंय."