दणकट गाडी, नाजूक जॉब कार्ड

३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापनेचा दिवस. महिंद्राने थार रॉक्सचं बुकिंग खुलं केलं आणि पहिल्या तासाभरात १,७६,२१८ जणांनी गाडी नोंदवली. घरोघरी घटाची माती अजून चाळून व्हायची होती. तेवढ्यात पावणेदोन लाख लोकांनी गाडीची विश्वासार्हता तपासली असणार, जवळचं सर्व्हिस सेंटर बघून घेतलं असणार, सुट्या भागांचे भाव विचारले असणार, चार जुन्या मालकांशी बोलून घेतलं असणार आणि मगच पैसे भरले असणार. पोरीला स्थळ बघताना मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी करणारा समाज आहे आपला. पंधरा-वीस लाखांच्या व्यवहारात तो घाई कशाला करेल?

आमच्या दाजींनी तर अख्खा चातुर्मास अभ्यासात घालवला. तीन दारांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, मारुतीच्या जिम्नीचा २१०, हे त्यांना आता तोंडपाठ आहे. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, फोर्सची गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून, हेही ते पाहुण्यांना न विचारता सांगतात. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी यायची वाट आठवडाभर पाहावी लागते. त्याच शहरात राहून दाजींना काळजी आहे ती सातशे मिलिमीटर पाण्यातून गाडी कशी काढायची याची.

"दाजी, चिखलात कधी नेणार गाडी?" मी विचारलं.

"चिखलात? पागल झालास का? पेंटचा भाव माहीत आहे का तुला?"

"मग फोर बाय फोर कामून?"

"फोर बाय फोर कोण घेऊ लागलंय? फोर बाय टू घ्यायची. दिसायला सारखीच असते. खाली वाकून कोण बघतं?"

दाजींचं ज्ञान अद्ययावत आहे. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांना ताकद देणारी थार ९.९९ लाखांपासून बाजारात आली आणि आमच्या शहरातल्या कॅनॉटच्या चौकातलं ऑफ-रोडिंग एकदम परवडू लागलं. रस्ता सोडून जायची तयारी म्हणून घ्यायची गाडी रस्ता न सोडणाऱ्यांसाठी खास बनवावी, एवढी समजूतदार बाजारपेठ जगात दुसरीकडे सापडणार नाही.

याच न्यायाने जिम्नीचा निकाल लागला. प्रत्येक मॉडेलला फोर बाय फोर, वजनाला हलकी, वर मारुतीची सर्व्हिस, म्हणजे तालुक्याच्या गावीही कुणीतरी जॉब कार्ड फाडायला बसलेलं. कागदावर विश्वासार्हता आणि डीलरचा आधार दोन्ही एकाच गाडीत. गुरुग्रामला बनलेली हीच पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानात गेली, तेव्हा काही दिवसांतच मागणी ५०,०००च्या घरात गेली आणि सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं. इकडे दाजींनी तिच्याकडे पाहून दोनच शब्द काढले, "वट नाही." जपान्यांना वट कशाला म्हणतात ते ठाऊक नसावं.

बरं, खरंच रस्ता सोडायचा झाला तर लांब जायला नको. मृगाच्या सरी पडल्या की गंगापूर-वैजापूरच्या कुठल्याही पाणंदीवर जावं. आपली काळी माती ओली झाली की आधी टायरच्या खाचा भरते, मग मडगार्डची पोकळी भरते, आणि चाक काळ्या लाडवासारखं गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरत राहतं. डांबरी रस्त्याचे टायर असतील तर फोर बाय टूची दोन चाकं फिरतात, फोर बाय फोरची चार. शेवटी शेजारच्या वावरातून ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला टोचनाची साखळी अडकवताना शांतपणे विचारतो, "केवढ्याला घेतली, भाऊ?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही.

मराठवाड्याला दणकट गाडी काही नवी नाही. काळी-पिवळीतल्या कमांडर आणि ट्रॅक्स पंधरा-पंधरा माणसं, वर टपावर कांद्याची पोती, अशा थाटात वर्षानुवर्षं चालल्या. त्या बंद पडत नव्हत्या असं नाही. रोज पडायच्या. पण जिथे बंद पडायच्या तिथेच चालू व्हायच्या. फाट्यावरचा मिस्त्री विडी विझवून गाडीखाली शिरायचा, दोन पाने आणि तारेचा तुकडा यांवर काम भागायचं, सवाऱ्या तोवर चहा घ्यायच्या. विश्वासार्हता गाडीत थोडी आणि मिस्त्रीत जास्त, असा तो हिशेब होता.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि मिस्त्रीच्या हातातला पाना गेला, त्याजागी स्कॅनर आला. डिझेलच्या धुरातली काजळी धरणारा डीपीएफ नावाचा भाग मोकळा व्हायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर, इंजिन चांगलं तापेपर्यंत पळवावी लागते. दाजींचा रोजचा पल्ला सिडको ते कॅनॉट. इंजिन तापायच्या आत कॅनॉटचा चहा थंड होतो. महिन्याभरात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागणार आणि दाजी म्हणणार, "गाडीच डिफेक्टिव्ह आहे." फोर बाय फोर घेणाऱ्यांची गत निराळी. चारही चाकांना ताकद जोडणारी ती छोटी दांडी वर्षभर कुणी हलवत नाही, मग नेमकी म्हैसमाळच्या पावसात ती बसत नाही. उत्साही मंडळी तर पहिल्याच आठवड्यात बाहेरून उंची वाढवून घेतात, अवाढव्य टायर आणि डोळे दिपवणारे लाइट बसवतात. त्यामुळे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि कंपनीची वॉरंटी दोन्ही एकाच बैठकीत निकालात निघतात.

मग सुरू होतं खरं ऑफ-रोडिंग, म्हणजे सर्व्हिस सेंटर. हा भूभाग फार खडतर. डिलिव्हरीच्या दिवशी लाल साटिनचं कापड ओढणारा, केक कापायला लावणारा, थर्माकोलची हातभर चावी देऊन फोटो काढणारा तरुण इथे दिसत नाही. इथे ॲडव्हायजर असतो. त्याच्याकडे चारच वाक्यं असतात. "सर, पार्ट पुण्याहून येतोय." "सर, सिस्टिममध्ये इन ट्रान्झिट दाखवतंय." "सर, हे वेअर अँड टेअरमध्ये जातं." चौथं वाक्य मात्र तो हात जोडून म्हणतो, "सर, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या." आणि आपण देतो. गाडी अजून रॅम्पवर असते, तरी देतो. गरिबाची नोकरी कशाला घालवायची? अशा रीतीने कंपनीच्या दप्तरी आपलं शहर दहापैकी दहा समाधानी असतं.

गंमत म्हणजे हे शहर गाड्यांचंच. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाची जुळणी, आणि बिडकीनसाठी जुलै २०२४ मध्ये टोयोटाचा राज्य सरकारशी सामंजस्य करार. आपण जगाला गाड्या देऊ, पण आपल्या गाडीचा सेन्सर मात्र पुण्याहूनच यावा लागतो.

आणि डीलरचा आधार हा काही दगडी किल्ला नव्हे. शेव्हरोलेने २०१७च्या अखेरीस भारतात विक्री थांबवली, टवेरावाले बघत राहिले. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळायची घोषणा केली, तेव्हा एंडेव्हरमधून फिरणारे पुढारी पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीच्या भवितव्याबद्दल चिंतेत दिसले. इंजिन तेच, चेसी तीच, दणकटपणाही तोच. पण शोरूमची पाटी उतरायची वेळ आली की दणकट गाडीही एका रात्रीत अनाथ वाटू लागते.

वास्तविक भाव पाडून घेण्यात या शहराचा हात धरणारा कुणी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे पहिली थार बाजारात आली त्याच महिन्यात, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या मंडळींनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा, स्टेट बँकेचं ७ टक्क्यांनी कर्ज, देशभर बातमी. एकजुटीपुढे जर्मनीही नमते, हे आपण सिद्ध केलं. मात्र बातमी गाडी घेतल्याची होते, दुरुस्त झाल्याची होत नाही, म्हणून एकजूट शोरूमच्या दारापर्यंतच टिकते.

म्हणून दाजींना मी एक यादी करून दिली. टेस्ट ड्राइव्हच्या आधी शनिवारी सकाळी दहाला सर्व्हिस सेंटरच्या बाकावर तासभर बसायचं, हातात जॉब कार्ड घेतलेल्यांशी बोलायचं. मागच्या आवारात किती गाड्यांवर धुळीचा थर आहे आणि किती टायरांभोवती गवत उगवलंय ते पाहायचं. क्लचप्लेट, पुढची काच आणि हेडलॅम्प यांचे भाव आणि मिळायला लागणारे दिवस लेखी मागायचे. ट्रान्सफर केस उघडणारा मिस्त्री इथे आहे की तोही इन ट्रान्झिट आहे, हे विचारायचं. वीस जणांनी मिळून विचारलं तर उत्तम, मर्सिडीजच्या वेळी जमलंच होतं.

दाजींनी यादी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि मला समजावलं, "हे बघ, एवढं विचारलं ना, तर शोरूमवाल्याला वाटल याच्याकडं पैसे नाहीत."

आणि तसं वाटणं हा या शहरात एकमेव बिघाड असा आहे, ज्याचा पार्ट पुण्यालाही मिळत नाही.